धरणातली रिकामी जागा

ऑगस्ट महिन्यात सांगलीत दोन माणसं भेटली की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "आयर्विनला किती?" उत्तर फुटांत येतं, कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळच्या पाणीपातळीचं. पुढचा प्रश्न असतो, "कोयनेतनं किती सोडलंय?" त्याचं उत्तर क्युसेकमध्ये येतं. या दोन उत्तरांच्या मधे शंभर-दीडशे किलोमीटर नदी आहे, चार-पाच संगम आहेत, आणि एका धरणाच्या नियंत्रण कक्षात बसलेल्या अभियंत्याची झोप उडवणारा हिशेब आहे. तो हिशेब आपल्यापर्यंत क्वचितच येतो. मोबाइलवर येतो तो एकच निरोप: कोयनेचे सहा दरवाजे इतक्या फुटांनी उचलले, नदीकाठच्या गावांनी सतर्क राहावं.

2019 च्या ऑगस्टमध्ये सांगलीत महापूर आला तेव्हा हा निरोप मी दिवसातून दहा वेळा वाचला. दर वेळी त्याचा आमच्या जिन्याच्या पायऱ्यांशी संबंध जोडायचा प्रयत्न केला आणि तो कधीच जुळला नाही. तेव्हापासून या आकड्यांचा पाठपुरावा करतो आहे. जे समजलं ते इथे मांडतो.

आधी मापं. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट पाणी, सुमारे 28.3 लिटर. घरातल्या पंधरा लिटरच्या जवळजवळ दोन बादल्या. एक लाख क्युसेक म्हणजे दहा हजार लिटरचे पावणेतीनशेहून अधिक टँकर दर सेकंदाला नदीत रिकामे होत आहेत असं समजा. टीएमसी हे साठ्याचं माप, एक अब्ज घनफूट, म्हणजे 2,831 कोटी लिटर. या दोघांना जोडणारा एक आकडा लक्षात ठेवला की वर्तमानपत्रातली अर्धी बातमी उलगडते: साडेअकरा हजार क्युसेकचा विसर्ग चोवीस तास चालू राहिला की एक टीएमसी पाणी जातं. एक लाख क्युसेक दिवसभर सोडलं तर साधारण साडेआठ टीएमसी.

आता कोयना. पाटण तालुक्यातल्या या धरणाची साठवण क्षमता 105.25 टीएमसी. मागे तापोळा-बामणोलीपर्यंत पसरलेला शिवसागर जलाशय, पुढे सांडव्यावर सहा वक्राकार दरवाजे. धरणाचं तांत्रिक वर्ष 1 जूनला सुरू होतं आणि 31 मेला संपतं. म्हणजे शेतकऱ्याचं आणि धरणाचं वर्ष एकाच दिवसांत उजाडतं, मृगाच्या तोंडावर. तेव्हा तळाशी थोडंबहुत पाणी असतं, बाकी सगळी पोकळी. पुढचे चार महिने त्या पोकळीचा कारभार कसा होतो, यावर सांगली-कोल्हापूरचा पावसाळा बराचसा ठरतो.

कोयनेचं पाणलोट क्षेत्र तसं लहान आहे, जेमतेम 892 चौरस किलोमीटर. पण ते सह्याद्रीच्या माथ्यावर, नवजा-महाबळेश्वरच्या पावसाच्या ऐन धारेत आहे. तिथे एका दिवसात 300 मिलिमीटर पाऊस ही नवलाईची गोष्ट नाही. जुलैच्या अखेरीस डोंगर पाणी पिऊन तृप्त झालेले असतात, मातीला आणखी घोट घेववत नाही. पडलेल्या पावसातला 80 टक्के जरी खाली आला, तरी त्या एका दिवसात धरणात साडेसात टीएमसी पाणी येतं. 23 जुलै 2021 रोजी महाबळेश्वरला चोवीस तासांत 594 मिलिमीटर पावसाची नोंद झाली. वरचा हिशेब दुप्पट करून पाहा.

पाणी येतं त्याला आवक म्हणतात, सोडतात त्याला विसर्ग. बातमीत विसर्ग ठळक असतो, आवक आतल्या पानावर. खरी गोष्ट मात्र या दोघांच्या फरकात आहे. धरणात दर सेकंदाला दीड लाख घनफूट पाणी येत असताना विसर्ग ऐंशी हजार क्युसेक असेल, तर धरणानं त्या क्षणी सत्तर हजार क्युसेकचा पूर पोटात घेतला. धरण नसतं तर ते दीड लाख सरळ हेळवाक, पाटण करत कराडला आलं असतं. "धरणानं पूर आणला" असं आपण म्हणतो तेव्हा ही बाजू निसटते.

पण हे पोटात घेणं पोटात जागा असेतोवरच चालतं. धरण काठोकाठ भरलं की त्याचं पूर अडवण्याचं काम तिथेच थांबतं, आणि जेवढी आवक तेवढा विसर्ग, दुसरा मार्ग उरत नाही. थोडं वर साठवून ठेवा म्हणणाऱ्यांना महाराष्ट्रात तरी पानशेत आठवायला हवं. 12 जुलै 1961 च्या सकाळी बांधकाम पुरतं न झालेलं ते मातीचं धरण फुटलं, त्याच्या पाण्यानं दुपारपर्यंत खडकवासला फोडलं आणि पुण्याच्या नदीकाठच्या पेठा गेल्या. कोयनेचं धरण मातीचं नाही, काँक्रीटचं आहे, 1967 चा भूकंप त्यानं सोसला आहे. तरीही पूर्ण संचय पातळी ही रेषा ओलांडायची नसते, हा नियम सगळ्या धरणांना सारखा आहे.

मग रिकामी जागा आधीच राखून का ठेवत नाहीत? हा प्रश्न 2019 नंतर सांगलीच्या प्रत्येक कट्ट्यावर विचारला गेला. प्रश्न रास्त आहे आणि उत्तर अवघड आहे.

कोयनेच्या पाण्यावर तीन तोंडं अवलंबून आहेत. पहिलं विजेचं. या प्रकल्पाची एकूण स्थापित क्षमता 1,960 मेगावॅट आहे आणि त्यासाठी बोगद्यांतून पश्चिमेला, वाशिष्ठी नदीकडे सोडायला वर्षाला 67.5 टीएमसी पाण्याचा वाटा ठरवून दिलेला आहे. दुसरं शेतीचं. टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा योजना कृष्णेतून पाणी उचलून आटपाडी, कवठेमहांकाळ, जतच्या कोरड्या माळांवर नेतात. उन्हाळ्यात नदीत त्या उचलतील असं पाणी असतं ते मुख्यतः कोयनेतून आलेलं. तिसरं पिण्याच्या पाण्याचं. पाऊस चार महिने, गरज बारा महिने. त्यामुळे ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत धरण भरलेलं असणं हे अभियंत्याचं कर्तव्य आहे, आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात ते पुरेसं रिकामं असणं हेही त्याचंच कर्तव्य. एकाच भांड्याकडून दोन उलट अपेक्षा.

यावर तोड म्हणून प्रत्येक मोठ्या धरणाची जलाशय परिचालन सूची असते. जुलैच्या अखेरीस पाणी या पातळीच्या वर नको, ऑगस्टच्या मध्याला इथवर चालेल, सप्टेंबरमध्ये आणखी वर, असा चढत्या पायऱ्यांचा तो आराखडा. पाणी त्या पायरीच्या वर गेलं की धरण भरलेलं नसतानाही दरवाजे उघडायचे. कागदावर हे सोपं दिसतं. पण समजा 1 ऑगस्टला धरणात पाणी पायरीच्या जरा वर आहे आणि हवामान खात्यानं तीन दिवसांनी अतिवृष्टीचा इशारा दिला आहे. दहा टीएमसी जागा मोकळी करायची तर येणारी आवक धरून ठेवायची नाही, ती तशीच पुढे जाऊ द्यायची, आणि शिवाय तीन दिवस सतत साडेअडतीस हजार क्युसेक जादा सोडायचं. म्हणजे पूर टाळण्यासाठी आधी लहानसा पूर स्वतःच्या हातानं आणायचा. नदीकाठच्या मोटारी उचलायच्या, मूळगावच्या पुलावरून पाणी जाऊ द्यायचं, मळीतला ऊस बुडू द्यायचा. आणि एवढं करून पाऊस आलाच नाही तर? दहा टीएमसी गेलं. 2023 साली पावसानं पाठ फिरवली आणि कोयना पूर्ण भरलंच नाही. त्या हिवाळ्यात पाण्याच्या एकेका आवर्तनासाठी काय ओढाताण झाली, ते सांगली-साताऱ्याच्या शेतकऱ्याला विचारा.

असं असलं तरी माझं मत स्पष्ट आहे. हवामानाचे अंदाज आज 1980 सालापेक्षा खूप नेमके आहेत, आणि कृष्णा खोऱ्यात पावसाची, पातळीची स्वयंचलित मोजणी होते. म्हणून सूची दर काही वर्षांनी नव्या पावसाच्या नोंदींवर तपासली पाहिजे, आणि ती पाळली गेली की नाही हे रोजच्या रोज लोकांना दिसलं पाहिजे. आज धरणात किती टीएमसी आहे, हे आपल्याला कळतं. आज किती असायला हवं होतं, हे त्याच ओळीत छापलं तर अर्ध्या अफवा बसतील आणि अर्धी जबाबदारी जागच्या जागी ठरेल.

एक सूचना नेहमी ऐकू येते: पाणी पश्चिमेला, कोकणात सोडून द्या. ते होत नाही. सांडव्याचे दरवाजे पूर्वेकडे, कोयना नदीत उघडतात. पश्चिमेला जातात ते वीजनिर्मितीचे बोगदे, आणि त्यांतून टर्बाइनला लागेल तेवढंच पाणी जाऊ शकतं. तेही शेवटी वाशिष्ठीत उतरतं, ज्या वाशिष्ठीच्या काठी चिपळूण आहे. 22 जुलै 2021 ला चिपळूणची बाजारपेठ पाण्यात होती. आपला पूर शेजाऱ्याच्या दारात ढकलण्याची कल्पना त्या दिवसानंतर तरी कुणी मनात आणू नये.

दरवाजे उघडण्याआधी भोंगा वाजतो. मग दरवाजे एकदम उघडत नाहीत, फूट-दीड फुटानं उचलतात, थांबतात, पुन्हा उचलतात. पायथा वीजगृहातून आधीच 2,100 क्युसेक चालू असतं, त्यात ही भर पडते. ते पाणी कोयनेतून वाहत कराडला प्रीतिसंगमावर येतं. तिथे कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भिडतात आणि काटकोनात वळतात. असा संगम विरळा. दोन्ही नद्या भरात असल्या की एक दुसरीला थोपवते आणि पाणी कराडातच चढायला लागतं. तिथून पुढे कृष्णेचा स्वभाव पालटतो. डोंगर संपलेला, उतार मंदावलेला, नदी वळणं घेत भिलवडी, औदुंबर करत सांगलीला येते. कोयनेचं पाणी इथवर पोहोचायला दुसरा दिवस उजाडतो. हा जो एक दिवस मिळतो तो लाखमोलाचा आहे. गुरं सोडायला, धान्य माळ्यावर चढवायला, म्हाताऱ्या माणसांना हलवायला एवढाच वेळ असतो.

आयर्विन पूल 1929 चा. त्याच्या कमानीजवळच्या पट्टीवर 40 फूट ही इशारा पातळी आणि 45 फूट ही धोका पातळी. पाणी वाढू लागलं की लोक पुलावर येऊन उभे राहतात. कुणी फार बोलत नाही. लाल-तपकिरी पाणी कमानीला घासत जातं, मधूनच एखादा झाडाचा बुंधा, कडब्याची गंजी, कधी सिलिंडर. एक आजोबा 2019 ला माझ्याशेजारी उभे होते. पट्टीकडे न बघता ते खाली घाटाच्या एका दगडाकडे बोट दाखवून म्हणाले, "तो दगड गेला की आमच्या बोळात येतं. पन्नास वर्षं बघतोय." तासाभरात दगड गेला. त्या वर्षी पट्टीवर पाणी 57 फुटांच्या वर पोहोचलं, म्हणजे धोका पातळीच्या बारा फूट वर. सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, काकानगर या सखल वस्त्या दर पुरात आधी बुडतात. त्या वेळी जिथे कधी पाणी येत नाही अशी ठाम समजूत होती, त्या पेठाही गेल्या. पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळमध्ये गावकऱ्यांना सुरक्षित जागी नेणारी नावच उलटली. पाणी ओसरल्यावर आमच्या भिंतीवर एक सरळ तपकिरी रेघ उरली होती. रंग दिला तरी पावसाळ्यात ती अजून ओल धरते.

तो पूर एकट्या कोयनेचा नव्हता. कुरुंदवाडजवळ, जिथे पंचगंगा कृष्णेला मिळते, तिथवर नदीचं खोरं सुमारे पंधरा हजार चौरस किलोमीटरचं आहे. कोयनेचे 892 त्यातला लहान हिस्सा. वारणेवर चांदोली, भोगावतीवर राधानगरी, कृष्णेवर धोम, अशी धरणं आहेतच. पण धरणांच्या खाली पडणारा पाऊस कुठल्याच धरणाच्या हातात नसतो. त्याला मुक्त पाणलोट म्हणतात. 2019 मध्ये जुलैच्या अखेरीपासून पावसानं उसंत घेतली नाही, सगळी धरणं एकाच आठवड्यात भरत आली, सगळ्यांचा विसर्ग एकाच वेळी सुरू झाला आणि खालचं मुक्त पाणलोटही ओसंडत होतं. सगळ्या पुरांचे माथे एकावर एक आले. इथेच धरणातल्या जागेची खरी किंमत कळते. कोयनेत दोन दिवसांची जागा असती तर वारणेचा आणि खालच्या ओढ्या-नाल्यांचा माथा आधी पुढे जाऊ देता आला असता.

राधानगरीची गोष्ट आणखी वेगळी. शाहू महाराजांनी ज्याचा पाया घातला त्या धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी ठरावीक पातळीला पोहोचलं की ते आपोआप उघडतात, पातळी उतरली की आपोआप मिटतात. एका दरवाजातून 1,428 क्युसेक. कुणाला फोन करावा लागत नाही, कुणाच्या आदेशाची वाट पाहावी लागत नाही. पण खाली पंचगंगा आधीच पात्राबाहेर आहे म्हणून ते थांबूही शकत नाहीत. कोल्हापुरात "राधानगरीचे किती दरवाजे उघडले?" या प्रश्नाला म्हणूनच एवढं वजन आहे. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट इशारा, 43 फूट धोका. 2019 ला तिथे 55 फुटांवर पाणी होतं, आणि 2021 ला 56 फुटांवर. दुसरा आकडा नीट पाहा. 2021 च्या जुलैत कोयनेत जागा शिल्लक होती, तरीही पंचगंगेनं आधीचा उच्चांक मोडला. धरणाची जागा महत्त्वाची आहे, पण ज्या नदीवर पाऊस कोसळतो त्याच नदीवर ती असावी लागते.

कृष्णा-पंचगंगेच्या संगमावरच्या नृसिंहवाडीला गेलात तर पुराची एक जुनी शिकवण डोळ्यांनी दिसेल. कृष्णेचं पाणी चढत चढत दत्तमंदिरात शिरतं, पादुकांवरून वाहत दक्षिणेच्या दारानं बाहेर पडतं, त्याला दक्षिणद्वार सोहळा म्हणतात. लोक त्या पाण्यात स्नान करतात. आणखी वाढलं की उत्सवमूर्ती वरच्या जागी हलवतात. मंदिराचा कारभार पाणी येणार हे गृहीत धरूनच चालतो. देवाचं बिऱ्हाडसुद्धा हलतं. याच संगमावर फुगीचा प्रकार घडतो. कृष्णा उंच असली की पंचगंगेला तिच्यात शिरता येत नाही. पाणी मागे सरतं, शिरोळ तालुक्यातली गावं, पुढे इचलकरंजीपर्यंतचा पट्टा फुगीच्या पाण्यात दिवसेंदिवस उभा राहतो. धरणांचा विसर्ग कमी झाल्याची बातमी येते आणि कुरुंदवाडचा माणूस म्हणतो, इथे एक इंचही उतरलं नाही. दोघंही खरं बोलत असतात.

फुगीचं नाव निघालं की अलमट्टीचा विषय येतोच. कर्नाटकातलं ते 123 टीएमसीचं धरण सांगलीपासून नदीच्या वाटेनं दोनशे किलोमीटरहून अधिक खाली आहे. त्याची पाणीपातळी 519.6 मीटर, ती 524.256 मीटरपर्यंत नेण्याची कर्नाटकाची योजना, आणि त्याला महाराष्ट्राचा विरोध. 2019 च्या पुरानंतर नेमलेल्या नंदकुमार वडनेरे समितीनं त्या पुराचं मुख्य कारण म्हणून अलमट्टीकडे बोट दाखवलं नाही. नदीकाठच्या अनेकांना ते आजही पटत नाही, आणि ज्यांचं घर दोनदा बुडालं त्यांच्या शंकेला मी हलकं लेखणार नाही. उंची वाढवण्याआधी फुगीचा खुला, दोन्ही राज्यांना मान्य असा अभ्यास झालाच पाहिजे. पण अलमट्टीकडे बोट दाखवताना आपल्या दारातल्या गोष्टी सुटून जातात. पुलांच्या दोन्ही बाजूंना टाकलेले उंच भराव पुराच्या पाण्याला आडवे बांध होतात. ओढे बुजवून त्यांवर प्लॉट पाडलेले आहेत. बंधाऱ्यांत पाणी अडवणारे बरगे वेळेत निघत नाहीत. आणि निळ्या रेषेच्या आत घरं उभी राहतातच आहेत.

ही निळी रेषा म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची हद्द, आणि लाल रेषा शंभर वर्षांतून एकदाच्या पुराची. नावातच घोटाळा आहे. लोक समजतात, 2019 ला येऊन गेला, आता 2044 पर्यंत निश्चिंत. तसं नसतं. दर वर्षी तसा पूर येण्याची शक्यता चार टक्के, एवढाच त्याचा अर्थ. तीस वर्षांच्या गृहकर्जावर निळ्या रेषेत घर घेतलं, तर कर्ज फिटेपर्यंत त्या घरात पाणी शिरण्याची शक्यता सत्तर टक्के निघते. लाल रेषेवर हीच शक्यता पाव हिश्शाच्या थोडी वर. पाऊस तीव्र होत चालला आहे, तेव्हा या रेषाही पुन्हा आखाव्या लागतील. सांगलीनं 2005, 2019 आणि 2021 असे तीन मोठे पूर सतरा वर्षांत पाहिले.

घाटावरच्या त्या आजोबांकडे जे होतं ते सरकारच्या निरोपात नव्हतं: नदीची पातळी आणि त्यांच्या बोळाचा थेट संबंध. "विसर्ग पन्नास हजार क्युसेक" या वाक्यानं मारुती चौकातल्या दुकानदाराला काही कळत नाही. "उद्या दुपारपर्यंत आयर्विनला 46 फूट, तुमच्या गल्लीत गुडघाभर" असं सांगितलं तर तो आज रात्रीच माल वर चढवेल. महापालिकेनं आणि पाटबंधारे खात्यानं गल्लीवार अशा खुणा करून विजेच्या खांबांवर रंगवाव्यात, ही मागणी आपण सगळ्यांनी लावून धरायला हवी.

तोवर एक काम आपल्या हातातलं आहे. तुम्ही कृष्णा, पंचगंगा, वारणा किंवा कुठल्याही धरणाखालच्या नदीकाठी राहत असाल, तर येत्या मे महिन्यात शेजारच्या जुन्या माणसाकडे जा. तुमच्या उंबरठ्याला पाणी लागलं तेव्हा पुलाच्या पट्टीवर किती फूट होतं ते विचारा, आणि तो आकडा दाराच्या आतल्या बाजूला खडूनं नव्हे, रंगानं लिहून ठेवा.